एक्केचाळीस नंबरची दस्ती

सकाळी सहा वाजून सात मिनिटांनी वाचनकक्षाची काच फुटली.

हैदराबादच्या तारनाक्याजवळच्या त्या कॉलेजात वाचनकक्ष सहाला उघडतो. कॉलेजची मुलं, माजी विद्यार्थी, सरकारी भरतीचा अभ्यास करणारे बाहेरचे सभासद, सगळे अंधार असतानाच दाराशी येऊन उभे राहतात. खुर्च्या शंभरच्या आत आणि माणसं तिप्पट. त्या दिवशी एक्केचाळीस नंबरच्या खुर्चीवर निळ्या चौकड्यांची दस्ती टाकलेली होती. शिवराज नावाच्या सभासदानं ती उचलली, टेबलाखाली फेकली आणि खुर्ची ओढून बसला. दस्ती ज्याची होती तो युवराज सावकाश मागून आला. आधी बाचाबाची झाली, मग ढकलाढकली. खुर्ची कलंडली, शिवराज मागच्या मागे काचेच्या पार्टिशनवर गेला आणि काच त्याच्यासकट खाली आली.

रोशनी दाराशी ओळखपत्रं तपासत होती. आवाज आला तेव्हा तिला वाटलं, पंखा पडला. धावत आत गेली तर शिवराज उकिडवा बसलेला, डाव्या डोळ्यावर तळहात दाबलेला, आणि बोटांच्या फटीतून रक्त मनगटाकडे उतरत होतं. तो ओरडत नव्हता. ओरडत होता युवराज.

"पैसे भरा मैं इस सीट के! महीने के पैसे भरा! मेरी दस्ती फेंका इने!"

वॉचमननं आणि दोन मुलांनी शिवराजला ऑटोत घातलं. चढताना त्यानं एकदाच विचारलं, "अंदर गया क्या काच?" ऑटो निघाली.

रोशनी फुटलेल्या काचेपाशी झाडू घेऊन उभी राहिली, पण तिनं झाडायला सुरुवात केली नाही. पैसे. सभासद वर्गणी भरतात, तिच्याबद्दल बोलत असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. पण वर्गणी वर्षाची असते. महिन्याची नसते.

हैदराबादेत रुमालाला दस्ती म्हणतात, आणि ती घाम पुसायला कमी, जागा धरायला जास्त लागते. बस थांबायच्या आत खिडकीतून सीटवर दस्ती फेकायची, मग दारातून निवांत चढायचं. जागा त्याची. दस्ती पडली म्हणजे जागा गेली, हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

रोशनीनं त्याच चालीनं सुरुवात केली होती. तिच्या वर्गातली प्रियदर्शिनी कुकटपल्लीला राहते. पहिली मेट्रो धरून, मध्ये गाडी बदलून ती येईपर्यंत सात वाजून जात, आणि तोवर एक खुर्ची शिल्लक नसे. दिवाळी उलटल्यावर एके दिवशी रोशनीनं दार उघडण्याआधी प्रियदर्शिनीची दस्ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर टाकून ठेवली. कुणी हूं की चूं केलं नाही. घरी तिनं ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली. तिचा थोरला भाऊ धम्मानंद म्हणाला, "आणखी दोघीतिघी हाईत गं तशाच, लांबून येणाऱ्या. माझ्या ओळखीच्या. त्यांच्याबी टाक की." दोघीतिघींच्या पाच झाल्या, पाचाच्या आठ. धम्मानंद संध्याकाळी घड्या घातलेला गठ्ठा तिच्या पिशवीत ठेवायचा, प्रत्येक दस्तीच्या कोपऱ्यात बॉलपेननं खुर्चीचा नंबर. त्या दिवशी अकरा होत्या. त्यांतल्या चार मोठ्या, चौकड्यांच्या, पुरुषी. हे रोशनीला दिसलं होतं. तिनं त्या जरा घाईनं टाकल्या होत्या, एवढंच.

दार उघडण्याचं हे काम तिला 'कमवा आणि शिका'मधून मिळालं होतं. कॉलेजच्या कागदांवर योजनेचं नाव इंग्रजीत आहे. पण तिचे बाबा, निवृत्ती, पहिल्या दिवसापासून तिला कमवा-शिका म्हणाले आणि घरात तेच नाव चाललं. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. हातात काही येत नाही, सत्राची फी त्यातून वळती होते. बाबा सिकंदराबाद स्टेशनात सफाईच्या कंत्राटदाराकडे सुपरवायझर होते. कंत्राट बदललं, नवा कंत्राटदार आपली माणसं घेऊन आला, आणि बाबा एका अपार्टमेंटच्या गेटवर जाऊन बसले. त्या पगारात लालागुड्यातलं घर चालतं, फी चालत नाही. रोशनी बी.एस्सी.च्या शेवटच्या सत्रापर्यंत आली ती दार उघडून, टेबलं पुसून, पुस्तकं जागेवर लावून. आता हेच सत्र राहिलं होतं. काम गेलं तर उरलेली फी रोख भरायची, आणि नाही भरली तर परीक्षेचं हॉल तिकीट नाही. मध्ये दुसरा रस्ता नव्हता.

नऊ वाजता ग्रंथपाल अनुराधा मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मॅडम घरी मराठी बोलतात, स्टाफशी तेलुगू, आणि चिडल्या की दक्खनी. टेबलावर अकरा दस्त्या एकीवर एक रचून ठेवल्या होत्या. सगळ्यात वर निळी, चौकड्यांची. तिच्या कडेला तपकिरी डाग पडला होता.

"कुणी टाकल्या?"

"मी, मॅडम."

"कधीपासून?"

"दिवाळीनंतर. प्रियदर्शिनी कुकटपल्लीहून येते ना, तिच्यासाठी आधी…" रोशनीनं सगळं सांगितलं, फक्त धम्मानंदचं नाव तेवढं वगळलं. का वगळलं ते तिला सांगता आलं नसतं. "बसमध्ये सगळेच टाकतात, मॅडम."

"प्रवासी टाकतात. कंडक्टर टाकतो का?" मॅडमनी चष्मा काढला. "कंडक्टरच दस्त्या टाकून बसला तर बाकीच्यांनी कुठं जायचं, सांग. तो शिवराज साडेचारपासून लायनीत उभा होता. तीन महिने उभा राहतोय. त्याला रोज नव्वदाच्या पुढची खुर्ची, पंख्याखाली नाही, लाइटखाली नाही. आज पहिला आत आला, तरी एक्केचाळीसवर कुणाची तरी दस्ती."

रोशनी निळ्या दस्तीवरच्या डागाकडं बघत राहिली.

"युवराज म्हणतोय पैसे दिले. कुणाला?"

"मला नाही, मॅडम. शपथ."

"शपथ मेरेकू नक्को. तीन वाजता लागेल ती. तीनला चौकशी आहे. उपप्राचार्य असतील, मी असेन, ऑफिसचे सुपरिंटेंडेंट असतील. शिवराजचे वडील दवाखान्यात आहेत, तिथून पोलीस स्टेशनला जातो म्हणतायत. त्यांना मीच थांबवलंय, चौकशी होऊ द्या म्हणून." त्यांनी दस्त्यांचा ढीग बाजूला सारला. "योजनेत तुझं नाव मी सुचवलं होतं, रोशनी. अठरा मुलं आहेत तुमची. मॅनेजमेंटला ती डोईजड झालीच आहेत. निमित्त हवं होतं फक्त."

बाहेर जिन्यात त्रिवेणी भेटली. रसायनशास्त्राच्या स्टोअरमध्ये काचसामान धुण्याचं काम तिला त्याच योजनेतून मिळालेलं.

"काय गं, वाचनकक्ष होता का आरटीसीचा बस डेपो?"

"हसायलीस तू?"

"मग रडू का? माझीबी फी तिथूनच वळती होते, बाई." त्रिवेणीनं आवाज उतरवला. "तीन वाजता जपून बोल. तू बुडशील ते बुडशील, सतरा जणांना संगं नको नेऊस."

प्रियदर्शिनी पायऱ्यांवर बसली होती. तिचा जबाब सुपरिंटेंडेंटनी अकराला घ्यायचा ठरवला होता आणि ती नखं खात होती. रोशनी शेजारी बसली.

"प्रिया, युवराज कोणत्या पैशाबद्दल बोलायलाय?"

प्रियदर्शिनीनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू रोशनी मुद्दाम विचारते आहे. "तुझ्या दादाला देतो ते. महिन्याचे. दोनशे मी देते, मुलं तीनशे देतात." मग रोशनीचा चेहरा बघून तिचा हात तोंडावर गेला. "अय्यो. तुला नाही माहीत?"

"तू कधीपासनं देतेस?"

"दुसऱ्याच महिन्यापासून. धम्मानंद अन्ना म्हणाले, रोशनीला तोंडानं मागायला लाज वाटते, म्हणून मी घेतो." तिनं फोन पुढं केला. "आणि हे आत्ता आलं. सगळ्यांना आलंय."

धम्मानंदचा मेसेज दोन ओळींचा होता. दस्ती रोशनीला ओळखीपोटी दिली, पैशाचा विषय नाही. सगळ्यांनी एकच सांगा, सगळे सुटतील.

"मी काय सांगू, रोशनी? तू सांगशील ते सांगते."

रोशनीनं फोन तिला परत दिला. ती उठली आणि घरी निघाली.

लालागुड्यातल्या घरात तिची आई केसरबाई दाराशी लसूण सोलत बसल्या होत्या. धम्मानंद आत पलंगावर, हेल्मेट शेजारी ठेवून. तो बाईक टॅक्सी चालवतो, आणि रेल्वेच्या भरतीत लेखी आणि धावण्याची अशा दोन्ही परीक्षा पास झाला आहे. कागदपत्रांची तपासणी आणि पोलीस पडताळणी पुढच्या महिन्यात. चौथ्या खेपेला इथवर पोचलेला. केसरबाईंनी मोहल्ल्यात अजून कुणाला सांगितलेलं नाही, दृष्ट लागेल म्हणून.

"किती महिने झाले, दादा?"

"कशाचे?"

"येड्याचं सोंग नको घेऊस. प्रियाचा फोन बघून आले मी."

धम्मानंदनं हेल्मेटची काच खालीवर केली. "डिसेंबरपासनं."

"माझ्या नावावर घेतलेस."

"तुझ्याच नावावर खर्च केले." तो उठून बसला. "डिसेंबरात परीक्षा फी कुणी भरली? लॅबची फी? तुझी कमवा-शिका नुसती ट्यूशन फी कापते, बाकीचं कॉलेज रोख मागतंय. तूच रडत बसली होतीस ना हितं? मी म्हणलं, गिऱ्हाईक चांगलं लागलं. बाईकवर असलं कोणतं गिऱ्हाईक लागतंय गं? विमानतळाच्या दहा खेपा मारल्या तरी पेट्रोलच निघतंय."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर घेतले असतेस?"

"नाही."

"मग!" त्याला खरोखरच आपलं म्हणणं बिनतोड वाटत होतं. "बस, ऐक. दहा जणांशी बोलून ठेवलंय. दहाबी सांगतील, पैसा नाही, नुसती ओळख. राहिला युवराज. त्यानं एकाचा डोळा फोडलाय, तो आता काहीबी बोलंल, कोण ऐकतंय त्याचं? तुला वॉर्निंग मिळंल. काम राहील."

"आणि तो खरं बोलायलाय ते?"

"त्यानं ढकललं, का मी ढकललं?"

केसरबाईंनी लसणाचं ताट खाली ठेवलं. "पोरी, ह्याचं नाव एकदा पोलिसात गेलं की झालं. कायमची नोकरी हाय. ती लागली की तुझी फी ह्योच भरंल की."

"तवर मी कुठं बसू, माय? वर्गाच्या बाहेर?"

केसरबाईंनी ताट पुन्हा उचललं. त्यांना मुलगीही हवी होती आणि नोकरीही, आणि दोन्हींच्या मध्ये कुठं उभं राहायचं ते त्यांना कळत नव्हतं.

"अगं, खोटं कुठं बोलायचंय तुला?" धम्मानंद जवळ आला. आता तो समजावणीच्या सुरात बोलत होता, लहानपणी सायकल शिकवताना बोलायचा तसा. "ते विचारतील, तू पैसे घेतले का. तू म्हण, नाही. घेतलेच नाहीस तू. खरंच बोलणार हाईस. एक 'नाही' म्हणायचं आणि गप बसायचं, रोशे. एवढंच."

रोशनीनं तोंडावर पाणी मारलं आणि तशीच निघाली. सबंध रस्ता ती एवढाच विचार करत होती की दादा म्हणतो ते खरं आहे. पैसे तिनं घेतले नव्हते. 'नाही' हे खरं उत्तर होतं. मेट्टुगुड्याच्या सिग्नलपाशी ते तिनं दोनदा मोठ्यानं म्हणूनही पाहिलं.

चौकशी उपप्राचार्यांच्या खोलीत होती. उपप्राचार्य हणमंतराव मूळचे उदगीरकडचे. तीन पिढ्या हैदराबादेत, जमीन अजून तिकडं. त्यांनी सुरुवात इंग्रजीत केली, रोशनीला शब्द शोधताना पाहिलं आणि ते मराठीवर आले.

"बस बाळ. आपल्या भाषेत सांग, सुपरिंटेंडेंट साहेबांना मी समजावून सांगतो." ते थांबले. "आधी एक. दवाखान्यातून फोन आला होता. शिवराजच्या डोळ्यातली काच काढली. सोमवारी पट्टी सोडतील. दिसेल की नाही, ते डॉक्टर आज सांगायला तयार नाहीत."

अनुराधा मॅडम टेबलाच्या कडेला बसल्या होत्या, समोर त्याच अकरा दस्त्या.

"दहा जणांचे जबाब झालेत," हणमंतराव म्हणाले. "सगळ्यांचं म्हणणं एक, पैशाचा विषय नाही. अगदी एक. शब्दसुद्धा तेच." त्यांनी सुपरिंटेंडेंटकडं पाहिलं. सुपरिंटेंडेंट हसले नाहीत. "युवराज एकटा वेगळं सांगतो. दर महिन्याला तीनशे, कॉलेजच्या गेटबाहेर, एका माणसाच्या हातात. त्या माणसाचं नाव आपल्याला माहीत नाही म्हणतो. नुसतं अन्ना म्हणायचे म्हणे. आता तू सांग. तू पैसे घेतलेस का?"

"नाही, सर."

सुपरिंटेंडेंटनी लिहून घेतलं. हणमंतरावांनी मान हलवली. खोलीतला ताण जरा सैल झाल्यासारखा वाटला. हे इतकं सोपं होतं. रोशनीला वाटलं, आता उठायला सांगतील.

"मला एक विचारायचंय," अनुराधा मॅडम म्हणाल्या. त्यांनी ढिगातल्या चार दस्त्या वेगळ्या केल्या आणि तिच्यापुढं मांडल्या. "ह्या मुलींच्या आहेत?"

"नाही, मॅडम."

"टाकताना तुला दिसलं होतं?"

"हो."

"लांबून येणाऱ्या मुलींसाठी टाकत होतीस ना तू? मग ह्या कुणाच्या, हे कुणाला विचारलंस?"

"नाही."

"का नाही?"

रोशनीनं निळ्या चौकड्यांकडं पाहिलं. कोपऱ्यातला एक्केचाळीस धम्मानंदच्या अक्षरात होता. चारचा वरचा फाटा तो नेहमी बंद करतो.

"विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, मॅडम. म्हणून."

बाहेर तास संपल्याची घंटा झाली आणि पोरांचा गलका जिन्यावरून खाली गेला. सगळं शांत होईपर्यंत रोशनी थांबली.

"सर, युवराज खोटं बोलत नाही. पैसे दिलेत त्यानं. बाकीच्यांनी पण दिलेत. मी घेतले नाहीत, पण माझी डिसेंबरची परीक्षा फी त्यातूनच भरली गेली. मला आजच कळलं."

सुपरिंटेंडेंटचं पेन थांबलं. ते तेलुगूत काहीतरी म्हणाले. हणमंतरावांनी हातानंच त्यांना थांबवलं.

"कुणाच्या हातात दिले?"

रोशनीनं निळ्या दस्तीचा कोपरा आत दुमडला.

"बाळ, मी विचारतोय."

"ते नाव मला सांगता येणार नाही, सर."

"येणार नाही की सांगणार नाहीस?"

"सांगणार नाही."

हणमंतराव खुर्चीत मागे रेलले. चिडण्यापेक्षा ते दमलेले दिसत होते. "मग नीट ऐक. उद्या सकाळी दहापर्यंत तुला वेळ आहे. नाव लिहून दे. दिलंस तर तुझ्या कामाचा विचार करता येईल. करीनच असं वचन देत नाही. नाही दिलंस, तर घेणारी तूच होतीस असं धरून पुढं जावं लागेल. काम बंद. आणि शिवराजचे वडील तक्रार करणार ती तुझ्या नावानं होईल. मला अडवता येणार नाही. अडवायचं कारणही नाही."

बाहेर आल्यावर अनुराधा मॅडमनी हात पुढं केला. "चावी."

रोशनीनं वाचनकक्षाची चावी गळ्यातून काढली. लाल रिबीन होती तिला, मॅडमनीच पहिल्या दिवशी बांधून दिलेली, हरवू नये म्हणून.

"संध्याकाळी कोण उघडेल, मॅडम?"

"त्रिवेणी. आणि रोशनी…" मॅडम पुढं काहीतरी म्हणणार होत्या. मग त्यांनी रिबीन बोटाला गुंडाळली आणि त्या आत गेल्या.

घरी बाबा ड्यूटीवरून आले होते. रोशनीनं सगळ्यांसमोर सांगितलं, काय विचारलं, काय सांगितलं, उद्या दहाला काय आहे. धम्मानंद उभ्यानं ऐकत होता.

"पैसे दिले म्हणून सांगून टाकलंस?" त्याचा आवाज फाटला. "कामून? दहा जण माझ्यासाठी उभे राहिले आणि तू, सख्खी बहीण…"

"तुझं नाव नाही घेतलं मी."

"अर्धं तर घेतलंस! आता उरलेलं घेऊन टाक की. जा! लिहून दे! चार वर्षं धावलोय मी त्या नोकरीसाठी, पहाटे उठून, रेल्वे ग्राउंडवर…"

"तो पोरगाबी पहाटे उठूनच येत होता, दादा. लायनीत उभा राहायला."

निवृत्तींनी अजून गणवेशाच्या शर्टाची बटणं काढली नव्हती. ते हळूच बोलले, पण घरात सगळ्यांना ऐकू आलं.

"कमवा आणि शिका म्हणलो होतो मी. लेकराच्या डोळ्यावर शिका नव्हतो म्हणलो."

"मला बोलायलाव का हिला?" धम्मानंदनं विचारलं.

"जो ऐकंल त्याला."

केसरबाई मध्ये पडल्या. आता जेवा, उद्याचं उद्या बघू, म्हणाल्या. धम्मानंदनं हेल्मेट उचललं, किल्ली घेतली आणि गाडी काढून निघून गेला. तो जेवायला आला नाही. फोन लागत नव्हता. केसरबाईंनी त्याचं ताट झाकून ठेवलं आणि सकाळी उघडून गाईला घातलं.

दुसऱ्या दिवशी सहाला वाचनकक्ष त्रिवेणीनं उघडला. फुटलेल्या काचेच्या जागी पुठ्ठा लावला होता, आणि दारावर तीन भाषांत सूचना: खुर्चीवर कोणतीही वस्तू ठेवून जागा धरू नये. रांग नेहमीपेक्षा गप्प होती, असं त्रिवेणीनं नंतर सांगितलं. एक्केचाळीस नंबरवर बराच वेळ कुणी बसलं नाही, मग एकजण बसला.

रोशनी साडेनऊला घरून निघाली. वहीतला एक कोरा कागद तिनं फाडून घेतला होता. रस्त्यात ती दोनदा थांबली. एकदा पोस्ट ऑफिसच्या कट्ट्यावर तिनं कागद मांडीवर ठेवून पेन उघडलं, आणि 'माननीय उपप्राचार्य' एवढं लिहून बंद केलं.

गेटवर त्रिवेणी तिची वाटच पाहत होती.

"तुझा दादा आलाय."

"कुठं?"

"वर. उपप्राचार्यांच्या दाराशी बसलाय नऊपासनं. कशाला आलाय विचारलं तर बोलायला तयार नाही. तू बोलावलंस का त्याला?"

"नाही."

"मग? कबूल करायला आलाय का गळ घालायला?"

रोशनी जिना चढून गेली.

उपप्राचार्यांच्या खोलीबाहेर एक लांब बाक आहे. त्याच्या एका टोकाला धम्मानंद बसला होता. कालचाच शर्ट, मांडीवर हेल्मेट, डोळे तांबारलेले. दुसऱ्या टोकाला एक पन्नाशीचा माणूस. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत दवाखान्याची फाईल आणि एक्स-रेचं पाकीट. शिवराजचे वडील असावेत. धम्मानंद कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं. आपल्या बाटलीतलं पाणी त्यांनी नुकतंच त्याला दिलं असावं, कारण बाटली धम्मानंदच्या हातात होती, अर्धी झालेली, आणि तिचं झाकण त्यांच्या हातात.

धम्मानंदनं रोशनीकडं पाहिलं. मग तिच्या हातातल्या कागदाकडं. तिला त्याच्या चेहऱ्यावरून काही वाचता आलं नाही.

"बैठो अम्मा," शिवराजचे वडील म्हणाले आणि त्यांनी पिशवी मांडीवर घेऊन मध्ये जागा केली. "तुम भी साबसे मिलने आए?"

"हौ," रोशनी म्हणाली आणि दोघांच्या मध्ये बसली.

दहा वाजून गेल्यावर दार उघडलं. शिपायानं बाहेर डोकं काढलं, बाकावरच्या तिघांकडं पाहिलं आणि विचारलं, "पहले कौन आते अंदर?"

तोवर कुणी उठलेलं नव्हतं.